फायबर ग्लास हेही कापडच : तोलून वापराल तर रोजी वाढेल

'फायबरचे काम' म्हटले की आपल्या बाजारातील माणसाला दुकानाच्या काचेमागे साडी नेसून उभा असलेला पुतळा आठवतो, बागेतील घसरगुंडी आठवते, कोकणच्या बंदरातील मच्छीमार होडी आठवते. अलीकडे मशिदीवर बसवायला तयार मिळणारा घुमट आणि मिनारही आठवतो. या वस्तू घडवणाऱ्यांमध्ये आपल्या समाजातील कारागीर पुष्कळ आहेत. परंतु कापडाच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या आम्हा व्यापाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की फायबर ग्लास हे मुळात कापडच आहे. त्याचे सूत काचेचे असते. त्यालाही ताणा-बाणा आहे, पन्हा आहे, जीएसएम आहे, आणि सायझिंगसुद्धा आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण म्हणजे अमेरिकेतील आणि कॅनडातील एक घरगुती उद्योग. तिकडचे सामान्य लोक घराच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी, फायबर ग्लासची एक फिरती खोली बनवतात आणि ती आपल्या पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवतात. तिला ते 'ट्रक कॅम्पर' म्हणतात. यात मोठे यंत्र नाही, मोठे भांडवल नाही. जे आहे ते आपल्या कारागिराच्या हातात आधीपासून आहे. आणि जे आपल्या कारागिराकडे नाही, ते विकत घ्यायला फार पैसा लागत नाही. ते काय आहे, हेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

ट्रक कॅम्पर म्हणजे काय?

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे गॅरेज म्हणजे गाडी दुरुस्तीचे दुकान. अमेरिकेत गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली, गाडी ठेवण्याची खोली. तिथेच माणूस सुट्टीच्या दिवशी सुतारकाम, लोहारकाम करतो.

तिकडच्या मोठ्या पिकअप गाडीचा हौदा साधारण साडेसहा किंवा आठ फूट लांब असतो. दोन्ही चाकांच्या फुगवट्यांमध्ये चार फूट रुंदीचा प्लायवूडचा तक्ता सपाट बसेल एवढी जागा असते. कॅम्परचा खालचा भाग या जागेत बसतो. वरचा भाग दोन्ही बाजूंना हौद्याच्या कडांबाहेर पसरतो आणि पुढे ड्रायव्हरच्या केबिनवर छपरासारखा जातो. केबिनवरच्या त्या भागात झोपण्याची जागा करतात. खाली बसायला बाक, लहान शेगडी, पाण्याची टाकी. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. घरी आल्यावर जॅक खाली सोडायचे, खोली उचलायची, आणि ट्रक तिच्याखालून बाहेर काढून दुसऱ्या कामाला लावायचा. खोली सुटी राहते आणि गाडी गाडीच राहते.

बाजारात तयार कॅम्पर मिळत असताना लोक घरी का बनवतात? किंमत हे एक कारण आहेच. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पुष्कळ तयार कॅम्परांचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा असतो आणि त्यावर बाहेरून पातळ पत्रा ठोकलेला असतो. सांधे अनेक, खिळे अनेक. काही वर्षांत एखाद्या सांध्यातून पाणी झिरपते, आतले लाकूड कुजते, आणि बाहेरून चकचकीत दिसणारी खोली आतून पोकळ होते. शिवाय त्या जड असतात. गाडी जेवढे वजन पेलू शकते त्यातला बराच भाग खोलीनेच खाल्ला तर पाणी, सामान आणि माणसे कशावर जाणार? म्हणून पाणी न झिरपणारी, न कुजणारी आणि हलकी खोली हवी, आणि ते फायबर ग्लासने साधते.

टाकीपासून घरापर्यंत

काचेचे तंतू मोठ्या प्रमाणावर काढण्याची पद्धत अमेरिकेत 1930 च्या दशकात बसली. पुढे पॉलिस्टर रेझीन आले आणि दोघांचा निकाह लागला. 1953 साली शेवरलेची कॉर्व्हेट ही मोटार फायबर ग्लासच्या बॉडीसह बाजारात आली.

फिरत्या घरांच्या बाबतीत कॅनडातील विनिपेग शहराचे उदाहरण आपल्या कारागिरांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथील रे ओलेको यांनी आधी फायबर ग्लासची मैल्याची टाकी, म्हणजे सेप्टिक टँक, बनवण्याचे काम केले होते. काँक्रीटच्या टाकीपेक्षा ती हलकी होती. तेच तंत्र वापरून 1968 साली त्यांनी 'बोलर' नावाचे गाडीमागे ओढायचे लहान फिरते घर काढले. साच्यातून दोन अर्धी कवचे काढायची आणि अंड्यासारखी एकमेकांवर जोडायची. सांधा एकच. पन्नास वर्षांपूर्वीची अशी घरे आजही तिकडच्या रस्त्यांवर दिसतात. ज्या हाताने टाकी केली त्याच हाताने घर केले. साचा बदलला, हुनर तेच राहिले.

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील विमान अभियंते बर्ट रुटान यांचे. 1975 साली त्यांचे 'व्हॅरिईझ' हे लहान विमान उडाले. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याला साचाच लागत नव्हता. फोमचा ठोकळा हवा तसा कापायचा, त्यावर काचेचे कापड आणि इपॉक्सी रेझीन चढवायचे, बस्स. रुटान यांनी या विमानाचे नकाशे आणि कृती छापून विकली, आणि सामान्य माणसांनी घरच्या गॅरेजमध्ये विमाने बांधली. आज गॅरेजमध्ये कॅम्पर बांधणारे बहुतेक जण हीच फोम-कापडाची पद्धत वापरतात, कारण एकाच वस्तूसाठी महागडा साचा करणे परवडत नाही.

कापडाच्या नजरेने पाहा

आता आमच्या धंद्याच्या भाषेत बोलू. काचेचे कापड मुख्यतः तीन प्रकारे येते. पहिली 'मॅट', म्हणजे कापलेले तंतू वाटेल तसे पसरून चिकटवलेले, आपल्या नमद्यासारखे. ती 300, 450, 600 जीएसएममध्ये मिळते. दुसरे 'वोव्हन रोव्हिंग', म्हणजे न पिळलेल्या जाड दोऱ्यांची गोणपाटासारखी वीण. तिसरे बारीक सुताचे खरे कापड, ज्यात साधी वीण, ट्विल आणि साटिन असे प्रकार असतात. कापडवाला लगेच ओळखेल की सपाट भिंतीला साधी वीण चालते, पण गोलाईवर साटिन चांगले बसते, कारण त्याला झोल येत नाही. कोपऱ्यावर पट्टी बसवताना शिंपी ज्याला उरेब काप म्हणतात तोच तिरपा काप लागतो. सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर उचलते, उरेब पट्टी बिलगून बसते. ही गोष्ट इंजिनिअरला पुस्तकातून शिकावी लागते. आपल्या दर्जीला ती बोटांनी माहीत असते.

सायझिंगचे तर आणखी नवल. भिवंडी-मालेगावच्या माणसाला सायझिंग काय ते सांगायला नको. सुताला कांजी दिली नाही तर मागावर ते टिकत नाही. काचेच्या सुतालाही लेप देतात, पण त्याचे काम मागावर संपत नाही. काच आणि रेझीन एकमेकांना धरत नाहीत. त्यांच्यामध्ये एक रासायनिक दलाल लागतो, जो एका हाताने काचेला आणि दुसऱ्या हाताने रेझीनला पकडतो. हे काम त्या लेपातील किंवा नंतर चढवलेल्या फिनिशमधील सिलेन नावाचे द्रव्य करते. म्हणून कोणत्या रेझीनसाठी कोणते कापड, हा प्रश्न विचारल्याशिवाय ताका उचलू नये. मॅटचेच पाहा. तिचे तंतू ज्या गोंदाने धरलेले असतात तो पॉलिस्टर रेझीनमधील स्टायरीनमध्ये विरघळतो आणि मॅट मऊ होऊन साच्याला बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसते. तिथे ती मॅट ताठ राहते, नीट भिजत नाही. स्वस्त पडली म्हणून इपॉक्सीबरोबर साधी मॅट वापरली तर रेझीन आणि मेहनत दोन्ही पाण्यात जातात.

तळोजा येथे आणि गोव्यात कोलवाळ येथे काचतंतूचे कारखाने उभे राहिले, म्हणजे हा माल परदेशी कुतूहलाचा राहिलेला नाही. आम्ही असे म्हणत नाही की भिवंडीच्या साध्या मागावर उद्यापासून काच विणावी. काचेचे सूत ताणत नाही, घासले की तुटते, त्याला वेगळी व्यवस्था लागते. पण हा माल विकणे, कापणे, त्याची पारख करणे ही कापडवाल्याची विद्या आहे. ती आपण हार्डवेअरवाल्यांकडे सोडून दिली आहे.

दोन पातळ कातड्यांमधली ताकद

गॅरेजमधील कॅम्परचे रहस्य एका हिशेबात आहे. समजा दहा चौरस मीटरची भिंत करायची आहे. आपल्या शेडमधील पद्धतीने 450 जीएसएम मॅटचे तीन थर दिले तर सुमारे तीन मिलिमीटर जाडी येते. त्यात साडेतेरा किलो काच लागते. मॅटला तिच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझीन लागते, म्हणजे 27 ते 34 किलो. एकूण वजन चाळीस किलोच्या वर गेले, आणि तरीही एवढा मोठा पत्रा हाताने दाबला की लवतो. मग त्याला मागून लाकडी पट्ट्या द्याव्या लागतात.

अमेरिकन माणूस काय करतो? पन्नास मिलिमीटर जाडीचा कडक फोम घेतो. घनमीटरला तीस किलोचा फोम धरला तर दहा चौरस मीटरला पंधरा किलो होतो. दोन्ही बाजूंना 300 जीएसएमचे एकेक कापड, म्हणजे सहा किलो, आणि जवळपास तेवढेच इपॉक्सी. एकूण 27 किलोच्या आसपास. वजन कमी आणि भिंत कितीतरी अधिक ताठ. याचे कारण असे की ताकद देणारी कातडी एकमेकांपासून जितकी दूर, तितका लवण्याला विरोध अधिक. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हिशेब दिलेला असतो : भरीव पत्रा मधोमध चिरून त्यात फोम घातला आणि जाडी दुप्पट केली तर ताठपणा सुमारे सात पट होतो, आणि चौपट केली तर सुमारे सदतीस पट. वजन मात्र नाममात्र वाढते. फोम घर थंडही ठेवतो.

परंतु इथेच पहिला सापळा आहे. थर्माकोलवर आणि त्याच जातीच्या निळ्या-गुलाबी फोमवर पॉलिस्टर रेझीन ओतले तर स्टायरीन तो फोम खाऊन टाकते. भिंत जागेवर विरघळते. त्यावर इपॉक्सीच हवे. पॉलिस्टर वापरायचे असेल तर पीयू किंवा पीव्हीसी फोम घ्यावा.

दुसरा सापळा हार्डनरचा. पॉलिस्टरमध्ये एक किलोला साधारण दहा ते वीस ग्रॅम हार्डनर पडते. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी, असे उस्ताद अंदाजाने करतात आणि बहुधा निभते. तोच कारागीर इपॉक्सीवर येतो तेव्हा सवयीने 'लवकर सुकावे' म्हणून हार्डनर वाढवतो. इपॉक्सीचे गणित वेगळे आहे. तिथे रेझीन आणि हार्डनर यांचे प्रमाण कंपनीने ठरवून दिलेले असते. जास्त हार्डनर टाकले तर काम लवकर होत नाही. ते कायमचे कच्चे, चिकट राहते. वरून कितीही रंग मारा, आतला कच्चेपणा जात नाही.

उणीव हाताची नाही, काट्याची आहे

आता मुद्द्यावर येतो. गॅरेजमधील त्या अमेरिकन माणसाचे हात आपल्या कारागिरासमोर अनाडी आहेत. आपला पंधरा वर्षे काम केलेला माणूस ज्या सफाईने रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढतो, ती सफाई त्याला जन्मात येणार नाही. तरी त्याची खोली पाऊस, बर्फ आणि खड्डे सोसते. कारण तो तीन गोष्टी करतो. प्रत्येक वेळी काट्यावर तोलतो. प्रत्येक थराची तारीख, उष्णता आणि प्रमाण वहीत लिहितो. आणि भिंत करण्याआधी हातभर तुकडा करून, वाळवून, तोडून पाहतो. खोली पूर्ण झाली की ती ट्रकसकट सार्वजनिक काट्यावर नेतो, पुढच्या चाकांवर किती आणि मागच्या चाकांवर किती भार पडला ते पाहतो. वजनाचा मध्य मागच्या आसाच्या पुढे राहिला पाहिजे, नाहीतर गाडीचे तोंड उचलते आणि स्टिअरिंग हलके पडते. ज्या काट्याला आपल्याकडे धर्मकाटा म्हणतात, त्या काट्यावर तो आपले हुनर ठेवतो.

आपल्या शेडमध्ये रेझीन मगाने मोजतात आणि हार्डनर बाटलीच्या झाकणाने. वही नसते. सर्व काही उस्तादांच्या डोक्यात. उस्ताद गावी गेले की माल बिघडतो, आणि उस्ताद अल्लाहला प्यारे झाले की चाळीस वर्षांचे इल्म त्यांच्याबरोबर कबरीत जाते. ही केवळ भावनेची गोष्ट नाही. मोठा कारखानदार जेव्हा ठेका द्यायला येतो तेव्हा तो नमुना पाहून खूश होतो आणि मग विचारतो, 'शंभर नग असेच येतील याची खात्री काय?' ज्याच्याकडे वही नाही त्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही. ठेका दुसरीकडे जातो आणि तोच कारागीर पुढे त्या दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर उभा राहतो.

आमच्या वाचकांना हे सांगायला नको की आपल्या दीनमध्ये माप-तोलाला काय स्थान आहे. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात दगा करणाऱ्यांना कडक ताकीद आहे आणि व्यापारी ती आपल्यासाठी आहे असे समजतो. परंतु सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना चिलखते घडवण्याचा हुकूम आहे आणि त्यातच कड्यांचे माप नीट राखण्याचीही ताकीद आहे. ती कारागिरासाठी आहे. चिलखताचे एक कडे सैल राहिले तर घालणाऱ्याचा जीव जातो. फायबरच्या एका थरात हार्डनर कमी पडले तर होडी फुटते, घुमट तडकतो. गिऱ्हाइकाला आतला थर दिसत नाही. म्हणूनच त्याची जबाबदारी करणाऱ्यावर अधिक आहे.

पोरांच्या डोळ्यांचा आणि फुफ्फुसांचा सवाल

एका गोष्टीवर आम्ही जरा कडक बोलणार आहोत. फायबरच्या शेडमध्ये सोळा-सतरा वर्षांची पोरे उघड्या हातांनी, उघड्या डोळ्यांनी काम करताना दिसतात. पॉलिस्टरचे हार्डनर डोळ्यात उडाले तर दृष्टी जाऊ शकते. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. आधी एक रेझीनमध्ये पूर्ण घोळायचे, मगच दुसरे, हा नियम प्रत्येक शेडच्या दारावर लिहिलेला असला पाहिजे. स्टायरीनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2018 साली 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात टाकले. घासाईची धूळ अंगात रुतते आणि छातीत जाते. घरी एकच कॅम्पर बांधणारा हौशी अमेरिकन माणूससुद्धा चष्मा, हातमोजे आणि वाफेचा मास्क लावतो, दार उघडे ठेवतो, पंखा लावतो. जो आयुष्यभर हेच काम करणार त्याला आपण रुमाल बांधायला सांगतो. चष्मा आणि हातमोजे यांचा खर्च एका बिघडलेल्या नगापेक्षा कमी आहे. रुमालाने स्टायरीन अडत नाही.

याच्याशीच भाषेचा प्रश्न जोडलेला आहे. रेझीनच्या डब्याबरोबर येणारे पत्रक इंग्रजीत असते. आम्ही स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. इंग्रजी पत्रक हातात आले की ते घडी करून खिशात घालण्याची सवय कशी लागते, हे आम्ही जाणतो. पण त्या पत्रकात कामाच्या ओळी पाच-सहाच असतात : प्रमाण, उष्णता, किती वेळात काम संपवायचे, साठवण, आणि डोळ्यात गेल्यास काय करायचे. मोहल्ल्यातील कोणत्याही शिकलेल्या मुलीकडून त्या ओळी उर्दूत आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि भिंतीला चिकटवा. एका संध्याकाळचे काम आहे.

नक्कल वस्तूची नको, पद्धतीची करा

काही उत्साही तरुण विचारतील, मग आपणही पिकअपवर अशी खोली बसवून भाड्याने का देऊ नये? त्यांना आमचा इशारा आहे. अमेरिकेत सुटा कॅम्पर अनेक राज्यांत गाडीवरचा भार समजला जातो. आपल्याकडे ती मोकळीक गृहीत धरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाच्या मूळ नोंदीविरुद्ध गाडी बदलता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 आणि ट्रक बॉडीसाठी एआयएस-093 अशी वेगळी मानके आहेत, आणि मंजुरीसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे जावे लागते. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण धोरण म्हणजे गल्लीतील बॉडी कारागिराला मिळालेला परवाना नव्हे. गाडी जप्त झाली की नुकसान गिऱ्हाइकाचे होते आणि नाव आपले जाते.

म्हणून आम्ही म्हणतो, खोलीची नक्कल करू नका, खोली करण्याची रीत उचला. फोम-कापडाच्या भिंतीला गाडीच लागते असे नाही. बर्फगोळ्याची आणि मासळीची थंड पेटी, हातगाडीवरचे हलके दुकान, दुकानाचे काउंटर, न कुजणारा न्हाणीघराचा दरवाजा, वॉचमनची चौकी, पावसात न गळणारा घुमट, ही सर्व त्याच विद्येची लेकरे आहेत. आणि मंजुरी असलेल्या बॉडी बिल्डरला लागणारे पॅनल, छपरे, पेट्या तोलून-मापून, वहीसकट पुरवणे हा तर सरळ मार्ग आहे. मंजुरीची जबाबदारी त्याची, कामाची सचोटी आपली.

आक्षेप आम्हाला माहीत आहे. 'गिऱ्हाईक स्वस्त मागते, तोलून काम केले तर भाव मिळत नाही.' हिशेब उलटा आहे. अंदाजाने काम करणारा माणूस भीतीपोटी रेझीन जास्त ओततो. जास्त रेझीनने ताकद वाढत नाही, वस्तू जड आणि ठिसूळ होते. ज्या कामात सर्वात महाग वस्तू रेझीन आहे, त्या कामात काटा हा खर्च नाही, बचत आहे.

व्यापाऱ्यांचे कर्तव्य

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंना दोन शब्द. 450 म्हणून 400 जीएसएमची मॅट देणे हे कमी मापाने कापड देण्यासारखेच आहे. रेझीनला वय असते. उन्हात पडलेला, तारीख उलटलेला डबा 'चालेल' म्हणून उधारीवर कारागिराच्या गळ्यात मारू नये. त्याला उधारी द्यायचीच असेल तर पहिली उधारी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर द्या, दुसरी चष्मा-हातमोज्यांवर, आणि मग मालावर. ज्या जमातींकडे, ट्रस्टांकडे शिक्षणाचा निधी आहे त्यांनी दरवर्षी पाच-दहा मुलांना फायबरचे शास्त्रशुद्ध काम शिकवण्याचा विचार करावा. मशिदीच्या कमिट्यांनी घुमटाचा ठेका देताना फक्त भाव विचारू नये. कोणते कापड, किती थर, कोणते रेझीन, हे लिहून मागावे आणि नमुन्याचा तुकडा तोडून पाहावा. कमिटीने लिहून मागायला सुरुवात केली की कारागीर लिहायला लागेल.

कारागिरांनी कशाचीही वाट न पाहता या जुम्माच्या आधी एवढे करावे : एक काटा, एक वही, एक चष्मा. वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला आणि आज किती रेझीनला किती हार्डनर टाकले ते लिहा. वर्षभराने ती वही घेऊन कोणत्याही कारखानदाराच्या दारात ताठ मानेने उभे राहता येईल, इन्शाअल्लाह. आणि आपल्यानंतर शेडमध्ये जो पोरगा उभा राहील, त्याला पहिल्या दिवसापासून अंदाज शिकत बसावे लागणार नाही.